तंबोऱ्याच्या रंगाची नखं

“पंखा बंद कर म्हणत्ये ना रे, गिरीशा! अख्खी तिरुवल्लिकेणी उडून माझ्या नखांवर बसत्ये!”

हा आवाज ऐकून, चेन्नईच्या त्या तिरुवल्लिकेणी भागात, आमच्या मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर दाढी करत असलेल्या एका बँकेतल्या कारकुनाचा गाल कापला, आणि गल्लीच्या तोंडाशी रवंथ करत बसलेली गाय उठून पलीकडच्या रस्त्यावर राहायला गेली. खोटं वाटत असेल तर गाईला विचारा. बिचारा गिरीश जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याच्या एका हातात नेलपॉलिशचा ब्रश होता, दुसऱ्या हातात सुंदराअक्कांची करंगळी. पंख्याचं बटण दाबायला त्याच्याकडे फक्त दात शिल्लक होते. शेवटी बटण मी दाबलं.

“एवढ्या थंडीत पंखा हवा कशास तुम्हांस?” अक्का म्हणाल्या.

थंडी म्हणजे चेन्नईची डिसेंबरातली थंडी. तमिळ लोकांच्या मार्गळी महिन्यात पहाटे समुद्रावरून एखादी झुळूक चुकून आत शिरते, आणि त्या झुळकीच्या स्वागताला अख्खं गाव मफलर आणि माकडटोप्या घालून बाहेर पडतं. गिरीश नाशिकचा, मी सांगलीचा. आम्ही दोघं बनियनवर बसून घाम पुसत होतो आणि समोर अक्का खांद्यावर शाल घेऊन, दहाही बोटं पसरून, हिमालयात बसल्यासारख्या बसल्या होत्या.

सुंदराअक्का कोण, हे सांगायचं तर आधी त्यांचा हात दाखवायला हवा, कारण चेहरा फारसा कोणी पाहिलेलाच नव्हता. त्या विशालम मामींच्या मागे तंबोऱ्याला बसत. विशालम मामी म्हणजे कर्नाटक संगीतातलं मोठं नाव. डिसेंबरच्या गाण्यांच्या सीझनमध्ये गावातल्या सगळ्या सभांना, म्हणजे तिकडच्या गायनसंस्थांना, त्यांची कच्चेरी, म्हणजे मैफल, हवी असे. स्टेजवर पुढे मामी, एका बाजूला व्हायोलिन, दुसऱ्या बाजूला मृदंगम, आणि मागे अंधारात, माणसाएवढा उंच तंबोरा उभा धरून अक्का. तंबोऱ्याच्या दांडीनं त्यांचं अर्धं तोंड झाकलं जाई आणि उरलेलं अर्धं मामींच्या अंबाड्यानं. उजेडात काय ते एकच, चार तारांवरून फिरणारा उजवा हात. ही त्यांची उभ्या आयुष्याची नोकरी होती.

“तोंड देवानं दिलं, ते तंबोऱ्याच्या मागं गेलं,” त्या म्हणत. “नखं माझी मी करत्ये.”

त्यांचं घर आमच्या मॅन्शनला चिकटून. मॅन्शन या शब्दावर जाऊ नका. बोर्डावर मॅन्शन असलं तरी आत काड्यापेटीएवढ्या खोल्या आणि त्यांत काड्यांसारखे उभे राहणारे आम्ही ब्रह्मचारी. मी पेरुंगुडीला एका कंपनीत संगणकासमोर बसत असे आणि गिरीश गावाबाहेरच्या एका मोटारीच्या कारखान्यात रंगखात्यात इंजिनियर होता. आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात मी गल्लीत एका रिक्षावाल्याशी भांडत होतो. तमिळ येत नव्हतं, म्हणून राग सांगलीच्या मराठीत काढत होतो. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला,

“कोण रे तो, आमच्या भाषेत शिव्या देतो? फार पातळ हो तुझ्या शिव्या. वर ये.”

वर गेलो. समोर एक ठेंगणी, गोरीगोमटी, साठीची बाई. नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या आणि नखांना जांभळा रंग. तंजावरची मराठी. तिथं भोसल्यांच्या फौजेबरोबर गेलेली घराणी अजून घरात मराठी बोलतात, ती आमच्या जुन्या पुस्तकांत लिहिलेली असते तशी, वर तमिळ फोडणी दिलेली. अक्कांच्या मते खरी मराठी तीच, आपण इकडे राहिलेल्यांनी तिची वाट लावली. त्यांचे पूर्वज फौजेत नेमके कोण होते याबद्दल मात्र दर आठवड्याला नवी माहिती मिळे. पहिल्यांदा गेलो तेव्हा ते घोड्यांना चंदी घालत होते. दिवाळीपर्यंत घोड्यावर बसले. मी चेन्नई सोडली तेव्हा ते राजाच्या शेजारी बसून त्याला सल्ला देत होते, आणि राजा ऐकत नव्हता म्हणून अक्कांना अजून राग येत होता.

त्या दिवशी त्यांनी मला फिल्टर कापी, म्हणजे कॉफी, पाजली, तीनशे वर्षांपूर्वीची एक शिवी शिकवली (रिक्षावाल्याला ती इतकी आवडली की पुढे तो मला पाहून हसत असे), आणि मग माझा हात ओढून नखं पाहिली.

“रात्री झोपतोस की उंदरांबरोबर जेवतोस?”

माणूस कसा आहे हे त्या नखांवरून सांगत. आमच्या मॅन्शनच्या मॅनेजरला त्यांनी एकदा फक्त अंगठा पाहून सांगितलं होतं की तुझं बायकोशी पटत नाही. त्याची बायको तेव्हा जिन्यात उभी राहून त्याला काय म्हणत होती ते सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं, ही गोष्ट वेगळी.

एरवी वर्षभर अक्का नखांना एखादा रंग लावून मोकळ्या होत. मार्गळी लागली की मात्र त्यांचा थाट सुरू. पहाटे उठून दारात तांदळाच्या भिजवलेल्या पिठाचं कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढायचं. ते वाळेपर्यंत देवाचं. आणि मग उन्हाची तिरीप खिडकीत आली की नखांचं. कोमट पेजेत बोटं बुडवून ठेवायची. विड्याच्या पानाच्या देठानं नखाच्या मुळाशी चढलेली कातडी हलकेच मागं सारायची. मग लिंबाची फोड फिरवायची, कारण खोबरेल तेलाचा अंशही राहिला तर रंग धरत नाही. उजव्या हाताची नखं बोटाच्या मांसाच्या आत कापलेली. तार मांसानं छेडायची असते, नखाचा स्पर्श झाला तर ती खरखरते. म्हणजे बघा, वितभर नखं वाढवून रंगवणाऱ्या पुष्कळ असतील, पण शेंगदाण्याएवढ्या नखाचा असा सोहळा करणारी ही एकटीच.

रंग निवडायचे त्यांचे कायदे होते. उन्हाळ्यात नखाला थंड रंग, थंडीत गरम. गरम म्हणजे वीट, वांगं, चिंच, जळलेला गूळ. बाटलीवर छापलेल्या नावांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्या स्वतः बारसं करत. एका रंगाचं नाव होतं ‘उतू गेलेली कापी’, दुसऱ्याचं ‘कालचं वांगं’, आणि एक झगझगीत राणी रंग होता त्याला त्या ‘बँक मॅनेजरची बायको’ म्हणत. कोणता रंग लावायचा ते दुपारी ठरवायचं नाही, कारण पोट भरलेलं असताना सगळेच रंग बरे दिसतात. मनगटाच्या आतल्या बाजूला, शिरांवर, थेंब लावून पाहायचा. शीर निळी दिसली तर रंग तुझा, हिरवी दिसली तर शेजारणीला देऊन टाक.

गिरीशनं हे सगळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्यातला रंगखात्याचा इंजिनियर जागा झाला. अक्का लावत होत्या तो थर पाहून त्याला राहवलं नाही.

“अक्का, किती जाड लावताय. ओघळ येतील.”

“मग पातळ लावू?”

“पातळ, पण दोनदा. पहिला वाळल्यावर दुसरा. मधून एकदा, मग दोन्ही कडांनी. आणि कडेला केसभर जागा सोडायची, नाहीतर तिथूनच सोलतो.”

अक्कांनी ब्रश त्याच्या हातात दिला. तेव्हापासून तो सुटला नाही. दिवसभर मोटारी रंगवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी अक्का. रंगवताना तो श्वास रोखून धरी. एकदा अनामिकेवर इतका वेळ रोखला की मी त्याच्या घरी फोन करायला निघालो होतो. नाशिकला त्याच्या आईला वाटे की मुलगा रविवारी देवळात जातो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आदल्या सीझनमध्ये अक्कांनी पोपटी रंग लावला होता. गरम-थंडचा कायदा त्यांनी स्वतःच का मोडला हे मला माहीत नाही, त्या म्हणत, “एकदा वाटलं.” दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात कच्चेरीवर परीक्षण आलं. त्यात विशालम मामींच्या तोडी रागाला दोन ओळी होत्या, आणि पुढचा अख्खा परिच्छेद तंबोऱ्यावर फिरणाऱ्या ‘पाच पोपटांवर’ होता. मामी वर्षभर काही बोलल्या नाहीत. मग यंदाच्या नोव्हेंबरात, पावसात, त्यांनी अक्कांना घरी बोलावलं. मी आणि गिरीश छत्री धरायला बरोबर होतो, म्हणून हे कानांनी ऐकलेलं आहे. बोलणं तमिळमध्ये झालं. मराठी माझी, आणि मधले दोन-तीन शब्द गाळले आहेत.

मामींच्या बैठकीत एक यंत्र ठेवलेलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं. बटण दाबलं की आपोआप तंबोऱ्यासारखा आवाज. ना तार तुटायची भानगड, ना गाडीत उभा तंबोरा कोंबायची कटकट. निम्म्या गायकांनी तेव्हा ते घेतलं होतं.

“सुंदरा,” मामी म्हणाल्या, “लोक मला ऐकायला येतात. तुझी नखं बघायला नाही. यंदा तुझ्या नखांबद्दल एका माणसानं जरी माझ्यापाशी तोंड उघडलं, तर त्या दिवसापासून माझ्या मागं तू नाहीस. हा डबा.”

अक्का डब्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “सरि.” म्हणजे बरं.

परत येताना रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. इतक्या बोलक्या बाईचं ते न बोलणं इतकं मोठं होतं की रिक्षावाल्यानं घाबरून मीटरप्रमाणे पैसे घेतले. चेन्नईच्या इतिहासात असं पुन्हा घडलं नाही.

पुढचे काही दिवस मामी घरच्या रियाजाला डबाच लावत होत्या. अक्कांना बोलावणं येईना. मॅन्शनच्या जिन्यातून संध्याकाळी आम्हाला ऐकू यायचं: अक्का स्वयंपाकघरात तंबोरा घेऊन बसल्यात, आणि चार तारा छेडताहेत, नुसत्याच. त्यांच्यावर गाणारं कोणी नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही, सांबारातलं कळतं. पण ते ऐकताना वाटे की कोणीतरी पानं वाढून ठेवलीत आणि जेवायलाच कोणी येत नाही.

“अक्का,” मी एकदा म्हटलं, “काहीच लावू नका ना यंदा. साधी नखं. प्रश्न मिटला.”

“उघडी नखं घेऊन स्टेजवर बसू?” त्या म्हणाल्या. “साडी सोडून बसल्यागत वाटेल मला. आणि विशालम काय म्हणाली ते नीट ऐकलंस की नाही? कोणी बोलायला नको म्हणाली. लावू नको असं नाही म्हणाली. चाळीस वर्षं तिच्या मागं बसत्ये, ती काय म्हणत नाही ते मला कळतं.”

मग थोडा वेळ तंबोऱ्याच्या दांडीवरून बोट फिरवत राहिल्या, आणि एकाएकी थांबल्या. बोट दांडीवर तसंच ठेवलं, आणि गिरीशकडे पाहिलं.

“गिरीशा, तू मोटारीचा दरवाजा बदललास तर नवा रंग जुन्याशी जुळवतोस ना रे? बघणाऱ्यास कळू नये असा?”

“रोजचंच काम आहे.”

“मग नखाचा रंग तंबोऱ्याशी जुळव. फणसाचं लाकूड आहे, तंजावरचं. लावलंय तेही खरं आणि कोणास दिसत नाही तेही खरं.”

तर आम्ही रंग जुळवायला जॉर्ज टाउनला निघालो, आणि नमुना म्हणून अख्खा तंबोरा बरोबर घेतला. त्याचा भोपळा गिरीशच्या मांडीवर, दांडी रिक्षाच्या बाहेर. वाटेत सिग्नलला दांडी एका बसच्या खिडकीत शिरली आणि बसमधल्या बाईनं तिला नमस्कार केला. जॉर्ज टाउनात बांगड्या, टिकल्या, पावडरी असल्या मालाच्या घाऊक दुकानांची एक गल्ली आहे, तिथं दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला लग्न करावं लागतं इतकी अरुंद. तिथल्या एका दुकानापुढे आम्ही तंबोरा उभा केला.

“तपकिरी दाखवा,” अक्का म्हणाल्या.

“कोणता तपकिरी?”

“हा,” असं म्हणून त्यांनी तंबोऱ्यावर टिचकी मारली.

दुकानदार त्या धंद्यात म्हातारा झालेला माणूस, पण असं गिऱ्हाईक त्याला मिळालं नव्हतं. आधी त्यानं दोन खोकी काढली. मग सहा. मग पोटमाळ्यावरून माल उतरला. गिरीश एकेक बाटली उन्हात नेऊन लाकडाला टेकवायचा. आधी समोरून बघायचा, मग मान वाकडी करून कडेनं. “यात लाल जास्त आहे.” “हा पिवळा मारतो.” “हा कोरडा आहे, याला चमक नाही.” बघता बघता गर्दी जमली. बांगड्या घ्यायला आलेल्या बायका मतं देऊ लागल्या. एकानं तंबोऱ्याची किंमत विचारली. हमालांनी डोक्यावरची ओझी खाली ठेवली आणि त्यांच्यात दोन पक्ष पडले. गल्लीतला व्यापार ठप्प झाला. बंदरात जहाजं खोळंबली असं नंतर ऐकलं, पण ते मी स्वतः पाहिलेलं नाही.

शेवटी एका धुळकट बाटलीपाशी गिरीश थांबला. त्यानं अक्कांच्या तर्जनीला तो रंग लावला, वाळू दिला, आणि बोट तंबोऱ्याच्या दांडीवर टेकवलं. नख दिसेनासं झालं. बोट शेवटच्या पेराशी संपलं आणि पुढे लाकूड सुरू झालं.

“अय्यो,” अक्का हळूच म्हणाल्या. “माझं नख कोठें गेलं?”

हमालांनी टाळ्या वाजवल्या. दुकानदारानं विचारलं, “लग्न कोणाचं आहे?” गिरीश म्हणाला, “तंबोऱ्याचं.” त्यानं बिचाऱ्यानं मनापासून शुभेच्छा दिल्या.

सुरुवातीला पंखा बंद झाला तो दिवस यानंतरचा. मामींच्या सीझनमधल्या पहिल्या कच्चेरीच्या आदल्या दिवशीचा; स्टेजसाठी बोलावणं मात्र अक्कांनाच आलं होतं. दोन पातळ थर बसले, दहाही नखं तंबोऱ्याची झाली, आणि मग गिरीशनं खिशातून औषधाच्या बाटलीएवढी एक बाटली काढली.

“हे काय?” मी विचारलं.

“वरचा पारदर्शक थर. आम्ही नमुन्याच्या पत्र्यांवर मारतो तो. यात एक द्रव मिसळला की तो दगडासारखा घट्ट होतो. ऊन, पाऊस, खिळ्याचा ओरखडा, काही लागत नाही.”

“सीझन संपेपर्यंत टिकेल?” अक्कांनी विचारलं.

“गाडीवर दहा वर्षं टिकतो.”

“मग लाव,” अक्का म्हणाल्या. “मीही तेवढीच टिकत्ये.”

कच्चेरीच्या दिवशी तंबोरा उचलायला आम्ही दोघं होतो, त्यामुळे पडद्यामागे जायला मिळालं. मामी अजून आल्या नव्हत्या. त्यांच्या बसायच्या जागेशेजारी पाण्याचा थर्मास ठेवलेला होता, आणि त्याला लागून, मखमली पिशवीत, तो डबा. अक्का आपल्या जागेवर बसल्या. कॉफीच्या रंगाची साडी, शांत चेहरा. तंबोरा उभा धरला, कान लावला, तारा जुळवल्या. नखं कुठं दिसत नव्हती. गिरीश माझ्याकडे पाहून असा हसला की जणू त्यानं चंद्राला दुसरा थर दिलाय.

मग वर दिव्यांपाशी बसलेल्या माणसानं स्टेजचे पिवळे फोकस सुरू केले.

लाकूड होतं तसंच राहिलं. नखं लाल झाली. नुसती लाल नव्हेत. वाळवणातल्या मिरच्या उठून तंबोऱ्यावर चढल्यात अशी लाल. हात हलला की पाचही ठिकाणी जाळ.

गिरीशच्या तोंडाचा रंग गेला. “उन्हात जुळवला,” तो पुटपुटला. “दिव्याखाली बघायचंच राहिलं. आमच्याकडे एक खोली असते, तिच्यात चार प्रकारचे दिवे लावून... मी रोज करतो हे. रोज.”

“ते राहू दे,” अक्का म्हणाल्या. “काढ.”

अक्कांच्या पिशवीत रंग काढायची बाटली होती. मी रुमाल भिजवला, गिरीश घासू लागला. त्यानं असं घासलं की बोटाला ठसा उरला नसता. रुमाल पांढराच. पुन्हा घासलं. पांढराच. मग त्याचा हात थांबला.

“निघणार नाही ते, अक्का.”

“कधी निघेल?”

“नख वाढेल तसं.”

पडद्यापलीकडे लोक येऊन बसत होते, खुर्च्या वाजत होत्या. मी सुचवलं, बोटांना पट्ट्या बांधू. अक्का म्हणाल्या, “विशालमनं मारलं म्हणतील. आणि पट्टीनं तार बोलते होय?” मी म्हटलं, मग आजच्या दिवस पोटात दुखतंय म्हणून सांगा, मामी डबा लावतील, पुढच्या वेळेपर्यंत काहीतरी करू. त्यावर त्यांनी त्या मखमली पिशवीकडे पाहिलं. एवढा वेळ मी ही सगळी मौज समजत होतो. त्यांचा चेहरा पाहिल्यावर मी हातातल्या बाटलीचं झाकण लावून टाकलं.

“एकदा तो डबा स्टेजवर वाजला,” त्या म्हणाल्या, “की मग मला कोण बोलावत्ये? मी गात नाही रे, मोहना. मला दुसरं काही येत नाही. व्हा बाजूला.”

मामी आल्या. रेशमी साडीची सळसळ, पाठ अक्कांकडे, नजर पडद्याकडे. मागे न बघता त्यांनी हात थोडा वर केला. अक्कांनी तार छेडली. मामींनी त्यात सा मिसळला आणि पडदा वर गेला.

पुढच्या रांगेत ज्या बायका बसल्या होत्या त्यांच्या नाकातल्या चमक्या एकदम डावीकडे वळलेल्या मी पडद्याच्या फटीतून पाहिल्या. एका गृहस्थानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. कुजबुज मागच्या रांगेपर्यंत गेली आणि तिथून परत आली. मी मात्र फक्त मामींचा उजवा हात बघत होतो. तासाभरानं तो हात ताल सोडून हळूच डब्याकडे गेला. गिरीशनं माझं मनगट धरलं. त्याचे व्रण मी नंतर कित्येक दिवस लोकांना दाखवत होतो. मामींनी डबा उचलला, थोडा पलीकडे सरकवला, थर्मास जवळ ओढला, आणि घोटभर पाणी प्यायल्या.

गाणं कसं झालं ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो, की कँटीनमध्ये पहिल्या घंटेपासून वडे तळून तयार होते आणि तरी एक माणूस उठला नाही. चेन्नईत याहून मोठी दाद नसते.

जानेवारीत कंपनीनं मला उचलून हैदराबादला टाकलं. त्यामुळे सुंदराअक्का आठवल्या की मला त्या कच्चेरीनंतर सभेच्या मागच्या कँटीनमध्ये बसलेल्याच दिसतात. पत्र्याखालचं लांब टेबल, केळीच्या पानावर रवा डोसा, वाफ. एका बाजूला मामी, समोर अक्का, कडेला आम्ही दोघं. अक्कांनी पानाला हात लावला नव्हता. दोन्ही हात टेबलाखाली, पदरात. आयुष्यात पहिल्यांदाच त्या स्वतःची नखं लपवून बसल्या होत्या, आणि मामी डोशाचा तुकडा मोडत होत्या, जणू त्यांना त्याहून महत्त्वाचं काही दिसतच नव्हतं.

तेवढ्यात सभेचे सेक्रेटरी आले. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, कपाळावर भस्म, हात जोडलेले.

“मामी, कच्चेरी म्हणजे काय सांगू. दैवी.” मग आवाज खाली आणून, “फक्त एक. पुढच्या रांगेतून दोघातिघांनी येऊन सांगितलं. तुमच्या मागच्या बाईंची ती नखं. सगळ्यांचं लक्ष तिकडेच. तुम्हीसुद्धा पाहिलीच असतील.”

गिरीशनं डोळे मिटले. अक्का पानाकडे बघत राहिल्या. त्यांच्या खांद्यावरची शाल घसरली, पण ती सावरायलाही त्यांनी हात बाहेर काढला नाही.

मामींनी डोशाचा तुकडा चटणीत बुडवला, खाल्ला, पाणी प्यायल्या.

“मी पुढं बघून गाते,” त्या म्हणाल्या.